मायाप्पाच्या पेवातला सिलिंडर

कृष्णाकाठच्या एका हळदीच्या गावात मायाप्पा नावाचा एक म्हातारा राहत होता. त्याला अंधाराची भीती वाटत नसे, कारण निम्मं आयुष्य त्यानं जमिनीखालीच काढलं होतं.

त्या गावात हळद कोठारात ठेवत नसत, पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. वरून पाहिलं तर एक माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आणि आत उतरलं की खोलीएवढं पोट. हळद आत ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची, वरून माती लिंपायची, की झालं. चार-चार वर्षं आतली हळद जशीच्या तशी राहायची. ना कीड, ना ओल. व्यापारी बिनघोर झोपायचे.

मात्र पेव उघडायची वेळ आली की त्याच व्यापाऱ्यांची झोप उडायची. बंद पेवातली हवा कोंडून खराब होते. अशा पेवात घाईनं उतरलेला माणूस हाकसुद्धा मारत नाही. नुसता खाली बसतो, आणि पुन्हा उठत नाही. मायाप्पाचा जोडीदार सत्याप्पा असाच गेला होता. वर बैलगाडी खोळंबली होती, म्हणून तो "आलोच" म्हणून उतरला होता. मायाप्पा तेव्हा ऐन पंचविशीत होता आणि पेवाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं ते सगळं पाहिलं होतं.

त्या दिवसापासून मायाप्पानं दोन नियम केले. उतरणाऱ्याच्या काखेतून दोर बांधल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. आणि माणसाच्या आधी पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत जळत राहिली तर उतरायचं, विझली तर गुमान थांबायचं. हे दोन नियम त्यानं चाळीस वर्षं पाळले, आणि चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालचा एकही माणूस दगावला नाही. गावात कुठंही पेव उघडायचं म्हटलं, की लोक आधी विचारायचे, "मायाप्पानं कंदील सोडला का?" त्यानं सोडला म्हटलं, की मग कुणी काही विचारायचं नाही.

एवढ्या वर्षांच्या हळदीच्या भुकटीनं त्याचं नाक मात्र पार कामातून गेलं होतं. सुनेनं विचारावं, "मामंजी, आमटी कशी झालीय?" तर तो म्हणायचा, "गरम झालीय." याहून जास्त त्याला सांगताच यायचं नाही.

तर अशा या मायाप्पाला अंधाराची भीती नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. भीती होती ती एकाच वस्तूची, घरातल्या गॅसच्या सिलिंडरची.

घरात माणसं तीन. मायाप्पा, त्याचा मुलगा आनंदा आणि सून शालन. लग्न झाल्यावर वर्षभरात आनंदानं घरात गॅस आणला. एक सिलिंडर शेगडीला जोडलेला आणि एक भरलेला, जोडीला. शालनचा धुराचा त्रास गेला. पण त्याच सुमाराला बाजाराच्या गावी एका चहाच्या टपरीत सिलिंडर फुटला. मायाप्पा दुसऱ्या दिवशी बाजाराला गेला, तेव्हा टपरी जागेवर नव्हती. मागची भिंत तेवढी उभी होती आणि तिच्यावर काळा ओघळ होता. लोक हळू आवाजात बोलत होते. मायाप्पा भाजी न घेताच घरी आला.

त्यानंतर त्याला घरात बसवेना. स्वयंपाकघराच्या दाराजवळ तो तांबडा, गोल, भरलेला सिलिंडर उभा असायचा आणि मायाप्पाला वाटायचं, हा आपल्याकडेच बघतोय. जेवताना तो त्याच्याकडे पाठ करून बसायचा. मग पाठीवरून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, म्हणून पुन्हा तोंड करून बसायचा. शालननं शेगडी पेटवली, की याचा घास हातातच राहायचा. चाळीस वर्षं लोकांना धीर देणारा माणूस एका डब्याला भितो, हे कुणाला सांगायचं तरी कसं? म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात भीत राहिला.

भिणाऱ्या माणसाला एक दिवस युक्ती सुचते, आणि ती सुचली की आपण फार शहाणे आहोत असं त्याला वाटू लागतं. मायाप्पाला आठवलं, की परसात आपलं स्वतःचं पेव आहे. लहानसंच, दोन पुरुष खोल, पण कधीचं रिकामं. आत थंड, कोरडं, चोहोबाजूंनी दगडासारखी माती. ऊन लागत नाही, ठिणगी पोचत नाही, चोर उतरत नाही. जी जागा हळदीला चार वर्षं सांभाळते, ती गॅसला चार महिने सांभाळणार नाही? शिवाय मोठी गोष्ट म्हणजे तो डबा डोळ्यांसमोरून जाईल.

आनंदा कामावर गेला होता, तेव्हा मायाप्पानं भरलेला सिलिंडर परसात गडगडत नेला. शालन त्याच्या मागोमाग आली.

"मामंजी, गॅसवाला सांगून गेलाय, उघड्या हवेत उभा ठेवा म्हणून."

"त्यो कधी पेवात उतरलाय व्हय?" मायाप्पा म्हणाला. "मी चाळीस वर्सं उतरलोय."

यावर सुनेनं काय बोलावं? ती गप्प बसली. मायाप्पानं सिलिंडरला दोर बांधला आणि पेवावरच्या रहाटावरून खाली सोडला. जाता जाता त्याचं तोंड पेवाच्या दगडी कडेवर आपटलं. तळ हातभर राहिला असताना गाठ निसटली, धप्प आवाज झाला आणि सिलिंडर आडवा पडला. मायाप्पानं वाकून पाहिलं. आडवा तर आडवा, खाली तर गेला. त्याच्या मागोमाग त्यानं फवारणीच्या पंपाचा पेट्रोलचा कॅनही सोडला. मग फरशी सरकवली, माती कालवली आणि आपल्या सरावाच्या हातानं तोंड असं लिंपलं, की मुंगी शिरायची नाही.

त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी तो पोटभर जेवला. जेवणानंतर स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसला आणि सुपारी कातरत राहिला. भीती गेली असं त्याला वाटलं. ती कुठंही गेली नव्हती. ती आता त्याच्या पायाखाली होती.

दीड महिना गेला. हळद काढायचे दिवस आले. गावभर हळद शिजू लागली. ज्याच्या त्याच्या अंगणात मोठाल्या पसरट कढया, म्हणजे काहिली, चढल्या, खाली चुलवाणं धडधडू लागली. मायाप्पाच्या परसाला लागून बाळक्काचं अंगण होतं, मधे कमरेएवढी भिंत. बाळक्का एकटी बाई, पण दहा माणसांचं काम उरकणारी. तिच्या चुलवाणात पहाटेपासून जाळ होता आणि वाफेचे लोट भिंतीवरून मायाप्पाच्या परसात येत होते.

त्याच सकाळी शालनच्या शेगडीवरची आमटी अर्धवट असताना जाळ निळ्याचा पिवळा झाला आणि विझला. सिलिंडर संपला होता. तिनं डबा हलवून पाहिला, बटण फिरवून पाहिलं. गॅसचा थोडा वास आला, तेवढाच.

"आबा, पेव उघडायला पाहिजे," आनंदा म्हणाला. त्या दिवशी तो घरीच होता आणि भुकेला होता.

दोघांनी मिळून लिंपण फोडलं आणि फरशी बाजूला केली. "आता दम धर," मायाप्पा म्हणाला. "तासभर वारं खाऊ दे त्याला. मग कंदील सोडू."

"आत काय हळद हाय व्हय आबा? डबा तर हाय."

"पेव ते पेव," मायाप्पा म्हणाला आणि कंदील आणायला घरात गेला. कंदिलाची काच पुसली, वात सारखी केली, रॉकेल आहे का पाहिलं. त्याच्या हाताला ही कामं इतकी ठाऊक होती, की तो दुसराच काही विचार करत होता. बाळक्काच्या जाळाला लाकडं चांगली मिळालीत, असा काहीतरी विचार. मग त्यानं मागच्या पडवीत बसून काडी ओढली. वात पेटली. काच खाली करून तो कंदील हातात घेऊन परसात आला.

पेवाच्या तोंडाशी शालन एकटीच उभी होती. तिच्या हातात दोराचं टोक होतं आणि दोर रहाटावरून खाली गेला होता. पदराचा बोळा तिनं नाकाला लावला होता.

"आनंदा कुटं हाय?" मायाप्पानं विचारलं.

"खाली गेलेत. दोर बांधलाय. थांबा म्हटलं तर ऐकलं न्हाई." मग ती म्हणाली, "मामंजी, मला वाटलं वास शेगडीचा माझ्या नाकात बसलाय. तसं न्हाई. हितनंच यायलाय. लई यायलाय."

मायाप्पानं श्वास ओढून घेतला. त्याच्या नाकाला काहीच लागलं नाही. हवा साधी होती, नेहमीची.

"आनंदा," त्यानं हाक मारली.

खालून "ओ" आला. पण तो ओ जड होता, झोपेतून आल्यासारखा. मग काहीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

मायाप्पाला तो आवाज ओळखीचा होता. सत्याप्पा बसला होता तेव्हा असाच आवाज आला होता. चाळीस वर्षांची सवय त्याला पुढं ढकलू लागली. धाव, कंदील खाली सोड, पोरगं कुठं पडलंय ते बघ. त्याचा पाय उचललासुद्धा होता.

आणि तेव्हा त्याची नजर आपल्या हातातल्या ज्योतीवर गेली.

ज्या ज्योतीनं आजवर माणसं वाचवली, तीच आज आपल्या पोराला मारणार, हे त्याला एका क्षणात कळलं. पेवापासून तो वीस पावलांवर होता. गॅस कुठवर आला आहे, हे त्याचं मेलेलं नाक त्याला सांगू शकत नव्हतं. पुढचं पाऊल शेवटचं असेल किंवा नसेल. पळावं, तर कंदील हेलकावणार. टाकून द्यावा, तर इथंच भडकणार. काच उचलून फुंकर मारावी, तर उघडी ज्योत फडफडणार.

मायाप्पानं पोराकडे पाठ फिरवली. कंदील छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत तो पेवापासून दूर चालू लागला.

"मामंजी, कुटं चाललाय?" शालन म्हणाली. तिला काही समजेना. नवरा खाली निपचित पडलाय आणि त्याचा बाप घरात निघालाय. ती एकटीच दोर ओढू लागली. "मामंजी, त्यांला वर काढा की."

तो थांबला नाही. बोललाही नाही, कारण तोंड उघडलं असतं तर त्याला रडू फुटलं असतं. पडवी ओलांडून, माजघरातून, पुढच्या दारानं तो गल्लीत आला. तिथं जनावरांच्या पाण्याचा हौद होता. त्यानं कंदील त्यात पुरता बुडवला. फुस्स झालं आणि तडकन काच फुटली. इतकं जड चालणं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. असं वाटलं, की गल्ली गाठायलाच अर्धा जन्म गेला.

मग मात्र तो पळाला. सत्तरीकडे झुकलेला माणूस धोतर सावरत असा पळत आला, की वाटेतली घागर लवंडली तरी त्याला कळलं नाही. सुनेच्या हातावर हात ठेवून त्यानं दोर धरला. "मान वळवून मागं बग, तोंड खाली घालू नको," तो तिला म्हणाला. दोघांनी रहाट ओढला. आधी आनंदाचे केस दिसले, मग लोंबकळलेली मान. दोर काखेतून होता, म्हणून तो सरळ वर आला. दोघांनी त्याला ओढत परसाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या तोंडाला नेऊन निजवलं.

त्याचे ओठ निळे पडले होते. शालन त्याला हलवत होती. मायाप्पा त्याच्या छातीला कान लावून बसला आणि मनातल्या मनात म्हणत राहिला, माझं काय ते ने, याला सोड. किती वेळ गेला कोण जाणे. मग आनंदाला ठसका लागला, तो कुशीवर वळला आणि ओकला. शालन मोठ्यानं रडू लागली. मायाप्पाला वाटलं, आपणही तिथंच आडवं व्हावं.

पण पेव उघडं होतं.

त्यानं मान वर केली, तर भिंतीपलीकडे बाळक्काचं चुलवाण धडधडत होतं. त्याच्या परसाची जमीन तिच्याकडेच उतरती होती. पावसाचं पाणी जायला भिंतीच्या बुडाला भोक ठेवलेलं होतं. पाणी जिथून जातं तिथून आणखी काय काय जात असेल, हा विचार त्याच्या मनात आला.

आणि मंडळी, अशा वेळीसुद्धा माणसाच्या मनात काय येतं पाहा. त्याच्या मनात आलं, फरशी सरकवून टाकावी. माती लिंपून टाकावी. पोरगं वाचलंय. गावाला काही कळायचं नाही. नाहीतर उद्या सगळे म्हणतील, मायाप्पानं पेवात गॅस कोंडला. पेवाचा जाणता म्हणून ज्याला मान द्यायचे, त्यानं. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत मातीत जाईल. मृत्यूची भीती नुकतीच अंगावरून गेली होती. ही लाजेची भीती तिच्याहून लहान नव्हती. त्याचा हात खरोखरच फरशीकडे गेला.

मग त्यानं सुनेकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. काही म्हणत नव्हती. दीड महिन्यापूर्वीही ती अशीच गप्प बसली होती, कारण त्यानंच तिला गप्प बसवलं होतं.

मायाप्पा उठला आणि भिंतीपाशी गेला.

"बाळक्का, चुलवाण इजव."

बाळक्का काहिलीत फावडं फिरवत होती. "का वं? अर्धीच शिजलीया. आता इजवलं तर सगळी काहील वाया जाईल."

"जाऊ दे," मायाप्पा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "माझ्या पेवात गॅस कोंडलाय. मीच ठेवलावता. आनंदा मरता मरता वाचलाय. एक ठिणगी पडली तर तूबी न्हाईस आन मीबी न्हाई."

बाळक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसाचा आवाज कापलेला तिनं ऐकला नव्हता. तिनं पाण्याची घागर उचलली आणि चुलवाणात ओतली. मग दुसरी. मग फावड्यानं माती. वर्षभराच्या कष्टाची हळद काहिलीत तशीच राहिली.

"आता मागं फिरू नको," मायाप्पा म्हणाला. "पुढच्या दारानं बाहीर पड."

मग तो गल्लीत गेला. गल्लीत अकरा घरं होती. प्रत्येक दारात त्यानं तेच सांगितलं, "माझ्या पेवात गॅस कोंडलाय. मीच ठेवलावता. इस्तू इजवा आन बाहीर या." दुसऱ्या घरचा एकजण हसला. "तुम्ही? तुम्ही ठेवला?" मायाप्पा म्हणाला, "व्हय, मीच." मग तो हसला नाही. पाचव्या दारात एक म्हातारा बिडी ओढत बसला होता, त्यानं ती थुंकी लावून विझवली. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, पण त्या गल्लीत एका घरातून धूर निघाला नाही. सगळी माणसं, लेकरं, दावी सोडलेली जनावरं घेऊन देवळापुढच्या मोकळ्या पटांगणात गेली.

आनंदाला एकानं मोटारीत घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्यानं तालुक्याला फोन केला. आग विझवणारी गाडी आली, तिच्याबरोबर गॅसची माणसं आली. त्यांनी परसाभोवती दोरी बांधली, पंख्याचं मोठं नळकांडं लावून पेवात वारा सोडला, हातातल्या यंत्रानं पुन्हापुन्हा तपासलं आणि दिवस कलता कलता सिलिंडर वर काढला. त्याचं तोंड एका बाजूला वाकलेलं होतं. डबा हलका झाला होता. पेट्रोलचा कॅनही फुगून टम्म झाला होता.

"इथं कुणी ठेवला?" त्यांच्यातल्या मुख्य माणसानं विचारलं.

"मी," मायाप्पा म्हणाला. "भ्या वाटायचं त्याचं. म्हणून ठेवला."

तो माणूस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाबा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर पाण्यासारखा खाली साठतो. उघड्यावर असता तर वाऱ्यानं उडून गेला असता. तुम्ही त्याला साठायला विहीर दिलीत."

"आन कंदील सोडला असता तर?" बाळक्कानं विचारलं.

त्या माणसानं पेवाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, तिच्या घराकडे पाहिलं. मग गल्लीतली घरं पाहिली. मायाप्पा होता तिथंच खाली बसला.

तिसऱ्या दिवशी आनंदा घरी आला. मायाप्पानं आपल्या शेताच्या तुकड्यातली हळद काढून बाळक्काची काहील भरून दिली. पेव मातीनं बुजवून टाकलं. नवा सिलिंडर पडवीत, वारा खेळेल अशा जागी, शेगडीपासून लांब, उभा ठेवला. भीती वाटायचीच. पण आता तो रोज सकाळी शालनला हाक मारायचा आणि म्हणायचा, "माझं नाक गेलंय. तू वास बग." शालन यायची, वाकायची आणि सांगायची. तिनं सांगितल्याशिवाय तो चहाला पाणी ठेवू द्यायचा नाही.

गावात आता आपलं तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. म्हणून चार दिवस तो बाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं.

दारात बाळक्का होती. तिच्या हातात पाच लिटरचा एक कॅन होता, चिंधीनं बांधलेला.

"पेट्रोल हाय," ती म्हणाली. "इंजिनचं. नातीच्या खाटंखाली ठेवलंवतं. भ्या वाटायचं, म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. तुम्ही माझ्या दारात येऊन आपलं सांगितलंसा, मग मला झोप लागंना."

तिच्या मागं हसलेला तो माणूस उभा होता. त्याच्या हातात रॉकेलची बाटली होती, सरबताची, वर काही न लिहिलेली. ती त्याच्या घरात पाण्याच्या माठाशेजारी असायची. त्याच्या मागं एकजण जिन्याखाली कोंडलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. एकीनं सांगितलं, आपण चुलीच्या भिंतीलाच लाकडं आणि गोवऱ्या छतापर्यंत रचल्यात, दोनदा धुमसल्या होत्या, आपण गुपचूप पाणी मारलं. बिडीवाल्या म्हाताऱ्यानं देवघरामागून एक डबा आणला, त्यात काय आहे हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. अकरा घरांपैकी नऊ घरांतून काही ना काही निघालं.

मायाप्पानं ते सगळं पटांगणात, सावलीत, एकेक हात सोडून ठेवायला लावलं. गॅसच्या माणसांना पुन्हा बोलावणं धाडलं. ती येईपर्यंत सगळी गल्ली लांब उभी राहून त्या ओळीकडे बघत होती. कुणी पुढं जाईना. नऊ घरांचे लोक एकमेकांकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. मायाप्पाला भीती वाटत होती आणि आज ती लपवायचं त्याच्या मनात आलं नाही.

"एवढं सगळं उशाला घेऊन निजत हुतो आपण," बाळक्का म्हणाली. "आन शेजाऱ्याला ठावंच न्हाई."

तात्पर्य: ज्याची भीती वाटते ते दडवल्यानं धोका जात नाही, फक्त दिसेनासा होतो. घरातलं इंधन विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावं. आणि चूक झालीच, तर तिच्यावर झाकण घालण्याआधी शेजाऱ्याचं दार वाजवावं.